वरच्या कुरणाची तार

प्रेक्षकांना अस्वस्थ करणारं संगीत देणं हा माझा पेशा. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये वीस वर्षं मी तेच करतोय. त्या वर्षीच्या चित्रपटात एक प्रसंग होता: धुक्यात वाट चुकलेल्या माणसाच्या मागे कोणीतरी चालतंय, पण दिसत नाही. दिग्दर्शिका एवढंच म्हणाली, की गाण्यासारखी चाल वगैरे नको, लोकांच्या पोटात खड्डा पडला पाहिजे.

मी चेलो वाजवणाऱ्या रोवीनाला बोलावलं. तिने तारा खरवडल्या, गज उलटा धरून पाहिला. जमेना. मग म्हणाली, असा आवाज आमच्या कुरणावर आहे.

कुरण तिच्या वडिलांचं, मेंढ्यांचं, दोन तासांवर. वडील गेल्यावर तिनेच ते विकायला लावलं होतं. थोरला भाऊ लाकलन तिथेच राबलेला. त्याने नाइलाजाने सही केली आणि तिच्याशी बोलणं टाकलं. ताबा द्यायला आठवडा उरला होता.

टेकडीवर, वरच्या कुरणाच्या कुंपणाच्या खांबाला मी माइक बांधला. रोवीनाने कुंपणाच्या तारेवर चेलोचा गज ओढला. आधी छातीत काहीतरी थरथरलं, मग खोल कण्हणं उमटलं आणि त्यावर एक बारीक किंचाळी. माझ्या अंगावर काटा आला. तिचा चेहरा मात्र शांत होता.

"वारा सुटला की हेच ऐकत झोपायचो आम्ही," ती म्हणाली.

चित्रपट लागण्याआधीच्या खास खेळाला, शनिवारी दुपारी, मी पडद्याऐवजी लोकांकडे पाहत होतो. जवळजवळचे दोन सूर एकमेकांना घासले की कारण न कळता जीव घाबरतो. तार वाजली तशी चिप्सच्या पिशव्यांची कुरकुर थांबली. एका बाईने पाय खुर्चीवर घेतले. शेवटच्या रांगेतला एक माणूस मात्र पुढे झुकून ऐकत होता, कोणी लांबून हाक मारत असावं तसा. तो लाकलन होता. रोवीनाने त्याला तिकीट पाठवलं होतं, पण तो येईल असं तिला वाटलं नव्हतं.

खेळ संपल्यावर तो तिला टाळून माझ्याशीच बोलला. "वरच्या कुरणाची ना ही? खालून तिसरी तार?"

"चौथी," रोवीना म्हणाली. "तिसरी तू ट्रॅक्टर घालून तोडलीस."

तो हसला नाही, पण निघूनही गेला नाही. नव्या मालकाने कुंपण उपटून रानभर पाणी शिंपडणारे फिरते नळ बसवलेत, असं त्याने सांगितलं. मी त्याला ध्वनिमुद्रण देऊ केलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"घरात लावलं तर ते स्पीकरच्या पेटीएवढंच राहतं. इथे थिएटरात टेकडीएवढं होतं."

पुढे चित्रपट लागला तेव्हा दर गुरुवारी तो दोन तास गाडी चालवत यायचा. तिसऱ्या गुरुवारी रोवीना त्याच्या शेजारी जाऊन बसली. आजूबाजूची माणसं अंग चोरत होती आणि ही दोघं डोळे मिटून ऐकत होती. तार थांबल्यावर लाकलनने तिच्या हातावर हात ठेवला, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगायला नव्हे, खरं तर भांडायला आली होती.

"तारेचा आवाज चाळीसच सेकंद का ठेवलास?"

मी म्हटलं, त्यापुढे लोकांना सवय होते, भीती ओसरते.

"मग ओसरू द्यायची होतीस," ती म्हणाली.