तारीख आधी, मग महिना

चिदानंद कोटबागीने पेशंटच्या जागी स्वतःचंच नाव घातलं, पुढच्या तपासणीच्या रकान्यात अकरा मार्च टाईप केलं आणि ‘सेव्ह’ दाबलं. मग तीच नोंद पुन्हा उघडून पाहिली. रकान्यात तीन नोव्हेंबर आलं होतं.

त्याने ती पुसली आणि पुन्हा अकरा मार्च घातलं. पुन्हा तीन नोव्हेंबर. मग त्या दिवसाची, म्हणजे सत्तावीस तारीख घालून पाहिली, तर ती जशीच्या तशी राहिली. काय झालंय ते त्याला आता पडद्याकडे न बघताही सांगता आलं असतं.

हुबळीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात दुपारची सुट्टी होती. बाकं रिकामी होती आणि काउंटरवर फक्त तो आणि नागवेणी अक्का. दवाखान्याचा प्रोग्राम चिदानंदनेच लिहिलेला. रोज सकाळी हा प्रोग्राम त्या दिवशीच्या पेशंटांची नावं दाखवायचा, आणि अक्का एकेकाला फोन करून बोलावून घ्यायची. खेड्यापाड्यातली माणसं तारीख कशाला लक्षात ठेवतायत? अक्काचा फोन आला की निघायचं, हीच त्यांची तारीख.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंना तारीख बदलण्याची वेगळी खिडकी हवी होती, तीही लगेच. चिदानंदने आपल्याच एका जुन्या प्रोग्राममधला तुकडा उचलून तिथे चिकटवला होता. त्या तुकड्यात तारीख सरळ डेटाबेसकडे ढकलली होती. आणि हा डेटाबेस पडला अमेरिकी वळणाचा: आधी महिना वाचतो, मग दिवस. पंचवीस किंवा सत्तावीस दिली तर असा महिनाच नसतो, म्हणून निमूटपणे उलटं वाचून बरोबर लिहितो. पण बारापर्यंतचा दिवस आला की त्यालाच महिना धरून मोकळा. ना तक्रार, ना लाल अक्षरं. या धंद्यात नवखं पोरसुद्धा इथे एकदा आपटतं आणि शहाणं होतं. चिदानंद तर दुसऱ्यांना हे शिकवायचा.

“सर, चुरमुऱ्याचं गिरमिट मागवू?” अक्काने विचारलं. “जेवला नाहीत तुम्ही.”

“नको अक्का.”

“मिरची सोबत देतो तो. दोनच घास खा.”

“खरंच नको.”

ती चष्मा पुसत बसली. हा चष्मा तिला आधी नव्हता. सकाळी आल्या आल्या चिदानंदने विचारलं होतं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, “तारखा उलट्या घालायला लागले, म्हणून मॅडमना डोळे दाखवले. मॅडम म्हणाल्या काही नाही. तरी मीच हट्ट करून घेतला.” तेव्हा त्यालाही हसू आलं होतं.

आता ते हसू आठवून त्याला शरम वाटली. कारण मार्च उलटायच्या आधी, हिवाळ्यातच अक्काने त्याला फोन केला होता. “सर, मी अकरा मार्च घातलं आणि कार्डावर तीन नोव्हेंबर छापून आलं. काय करू?” तो तेव्हा धारवाडला एका गिऱ्हाइकाकडे बसला होता आणि तिथला प्रिंटर त्याचं डोकं खात होता.

“अक्का, तारीख आधी, मग महिना,” तो म्हणाला होता. “तुम्ही उलटं घातलं असणार. माझ्याकडे व्यवस्थित चालतंय. आजची तारीख घालून बघा बरं.”

तिने घातली. महिन्याचे शेवटचे दिवस होते, त्यामुळे ती बरोबर उमटली.

“बघा,” तो म्हणाला होता. “कॉम्प्युटर चुकत नाही. आपण चुकतो.”

ते वाक्य तो सगळ्याच गिऱ्हाइकांना ऐकवायचा. वर्षानुवर्षं ऐकवून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. बिचारीने “सॉरी सर” म्हणून फोन ठेवला होता.

दुरुस्तीला काही मिनिटंही लागली नाहीत. वर्ष, महिना, दिवस अशी तारीख पाठवली की झालं. कशीही वाचली तरी डेटाबेसला गोंधळायला जागा राहत नाही. त्याने अकरा मार्च घातलं आणि अकरा मार्चच आलं. आपलं नाव नोंदीतून पुसून तो खुर्चीला टेकला, तेवढ्यात आतून डॉक्टर सुमंगला हळ्ळीकेरी बाहेर आल्या.

“झालं का चिदानंद? चुकीची तारीख घातली की प्रोग्रामनेच ओरडलं पाहिजे. माणसांच्या भरवशावर राहून बघितलं मी.”

“झालंय मॅडम.”

“छान. गदगच्या नव्या शाखेचं कामही तुम्हीच घ्या. आणि नागवेणी, सोमवारपासून चादरी-टॉवेलचं तू बघ. इथे ती नवी मुलगी बसेल. वाईट वाटून घेऊ नकोस. पण बडिगेर अण्णांचा डोळा गेला, आता मी तरी काय करू?”

“होय मॅडम,” अक्का म्हणाली.

रुद्रप्पा बडिगेर हे अण्णिगेरीचे सुतार. काचबिंदूचे पेशंट. मार्चमध्ये त्यांच्या डोळ्याचा दाब मोजायचा होता. मार्चच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही, म्हणून अक्काचा फोनही गेला नाही; कार्डावर नोव्हेंबर छापलेलं बघून ते नोव्हेंबरपर्यंत निवांत राहिले, आणि तोवर डावा डोळा विझून गेला. हे सगळं चिदानंदला ठाऊक होतं. तपासणीचं बोलावणं चुकलं, क्लार्कची चूक, असं त्याला फोनवर सांगण्यात आलं होतं आणि त्यावर त्याने “अरेरे” म्हटलं होतं.

आता बोलायला हवं होतं. मॅडम दोन हात अंतरावर उभ्या होत्या. चिदानंदने तोंड उघडलं, पण त्यातून निघालं ते भलतंच.

“गदगला केव्हा जायचं मॅडम?”

“बघू पुढच्या आठवड्यात,” असं म्हणून त्या गेल्या. त्याने स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, आणि त्यामुळे काहीच फरक पडला नाही.

अक्का काउंटरचा खण रिकामा करायला लागली होती. स्टेपलर, देवाचा छोटा फोटो, खोकल्याच्या गोळ्यांची पुडी, सगळं पिशवीत जात होतं. चिदानंदने पडद्याकडे तोंड वळवलं आणि त्या खिडकीतून आत गेलेल्या, बारापर्यंतच्या सगळ्या तारखा बाहेर काढल्या. पडदा भरून नावं आली. काहींचे दिवस अजून यायचे होते. ते जागच्या जागी सुलटे करता आले. काहींचे मात्र केव्हाच निघून गेले होते.

“अक्का, यांना फोन करायला हवेत. आत्ताच.”

तिने चष्म्यातून वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

“एवढ्या चुकवल्या मी?”

“फोन तर करू आधी. तुम्ही नंबर सांगा, मी बोलतो.”

“तुम्ही? तुमचा आवाज कोण ओळखतंय?” पण तिने फोन त्याच्याकडे सरकवला.

पहिला फोन शिग्गावला लागला. “डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतोय. कॉम्प्युटरकडून तुमची तारीख चुकली. उद्याच या, उशीर करू नका.” दुसरा नवलगुंदला. तिथेही कॉम्प्युटरकडूनच चुकलं. बोलून बोलून ते वाक्य त्याच्या जिभेवर बसत चाललं होतं. अक्का शेजारी बसून नंबर सांगत होती आणि दर वेळी ‘चुकली’ हा शब्द आला की पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते बघून त्याला पुढचा नंबर फिरवणं जड जायला लागलं.

तिसरा फोन कुंदगोळच्या गंगव्वा नावाच्या म्हातारीने उचलला.

“नागवेणी कुठाय?” तिने आधी हेच विचारलं. “बरी आहे ना ती?”

“बरी आहे आजी. कॉम्प्युटरकडून तुमची तारीख...”

“कॉम्प्युटरकडून?” म्हातारी खवळली. “तो काय आपला आपण लिहितो होय रे? कुणीतरी बसून लिहिलं असेल की त्यात. कोण तो शहाणा?”

चिदानंदने अक्काकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली होती. म्हातारीचं बोलणं फोनमधून तिलाही ऐकू जात होतं आणि आपलं नाव येणार म्हणून ती तयार होऊन बसली होती.

“मी आजी,” तो म्हणाला. “मीच लिहिलंय ते. चूक माझी आहे.”

“मग नीट लिहीत जा की. मला तेवढा एकच डोळा आहे बाबा.”

“होय आजी. उद्या याल ना?”

“येते. नागवेणीला सांग, चकल्या आणते म्हणावं.”

त्याने फोन ठेवला. बाहेर रिक्षावाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. अक्काने पदराचं टोक सोडलं.

“सर, तुम्ही म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला बोललात ना तसं?”

“नाही.”

“मग मी त्या दिवशी फोन केला होता तेव्हा?”

“तुम्ही बरोबर घातली होती तारीख. प्रत्येक वेळी बरोबर घातली होती.” त्याला तिच्याकडे बघवेना. “मी न बघताच बोललो अक्का.”

ती ओरडेल, रडेल, निदान उठून मॅडमच्या खोलीकडे तरी जाईल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिने फक्त चष्मा काढला. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. त्यातल्या सगळ्यात खालच्या ओळीकडे बघत तिचे ओठ हलले. ओळ संपल्यावर तिने चष्मा घडी करून पिशवीत टाकला.

“मी घरी देवासमोर बसून तारखा लिहून बघायचे,” ती म्हणाली. “हाताला काय झालंय म्हणून. पोरं हसायची.”

चिदानंद खुर्चीतून उठायला लागला. “मी मॅडमना सांगतो. आत्ता जातो.”

“बसा,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी या आवाजात कधी बोलली नव्हती. तो अर्धवट उठलेला तसाच खाली बसला.

“मॅडम कुठे पळून जात नाहीत. आधी एक फोन राहिलाय.”

“बाकीचे करतोच आहे की.”

“त्यातला नाही. ज्यांचं अजून वाचवता येईल त्यांनाच फोन लावताय तुम्ही.” तिने फोन स्वतःकडे ओढला आणि पडद्याकडे न बघता नंबर फिरवायला लागली. “मी दर सोमवारी करते. बडिगेर अण्णा रागावत नाहीत. खिळा मारताना नातवाला धरायला लावतो म्हणतात, आणि वर मलाच विचारतात, तू जेवलीस का ग. मला मेलीला तेच सोसत नाही.”

पलीकडे घंटा वाजायला लागली. तिने फोन चिदानंदच्या हातात दिला आणि पिशवीतून स्टेपलर काढून पुन्हा खणात, होता त्या जागी ठेवला.

“हॅलो,” तिकडून म्हातारा, मऊ आवाज आला. “नागवेणी? आज सोमवार नाही ना ग?”