हिरासिंगच्या पाठीतलं विष

थाळीबाबांच्या मांडवात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. महागावकडच्या त्या तांड्यात त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पण बाबांना होता. कुत्रं चावलेल्या माणसाच्या पाठीला ते काशाची थाळी लावत. अंगात विष असलं की थाळी चिकटे, विष ओढून झालं की आपोआप खाली पडे. दक्षिणा फक्त एक नारळ आणि एक कोंबडा. मंत्र भलताच जोरदार असावा, कारण मांडवामागे कोंबड्यांना उभं राहायलाही जागा उरली नव्हती.

आज बसंतीबाईची पाळी होती. काल कापूस वेचताना कुत्र्याने तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, हे तांड्यात सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून नवऱ्याने, हिरासिंगने, जखमेत मूठभर तिखट भरलं होतं. बायकोसाठी आपण काही कमी केलं नाही, या समाधानात तो पुढेच उभा होता.

बाबांनी बसंतीबाईला वाकवलं, पाठीवर मंतरलेलं पाणी शिंपडलं आणि थाळी दाबली. थाळी चिकटली. लोकांनी हात जोडले.

"पाहा, कशी ओढून राह्यली! अन् सुई टोचसान त विष उलटून डोक्यात जाते, समजलं?" बाबा म्हणाले.

हिरासिंगला हे फार पटलं. दवाखान्यात पोटात चौदा सुया टोचतात, हे ऐकूनच त्याला घाम फुटला होता. थोड्या वेळाने थाळी पडली. "उतरलं!" बाबा ओरडले.

तेवढ्यात आरोग्य उपकेंद्राच्या शोभा सिस्टर घाईघाईने आत आल्या. "हिरासिंगभाऊ, ते कुत्रं लाळ गाळत मेलं. बसंतीबाईंना आत्ताच दवाखान्यात न्यायचं."

"पण बाई, विष त उतरलं!"

सिस्टरांनी हिरासिंगकडे बोट दाखवलं. "बाबा, यांना कुत्रं चावलेलं नाही. यांना थाळी चिकटणार नाही ना?"

"कशी चिकटन!" बाबा बोलून गेले.

हिरासिंगने सदरा काढला. पाठ घामाने निथळत होती. सिस्टरांनी त्याला वाकवून थाळी दाबली. ती चिकटली, आणि बायकोच्या पाठीपेक्षा जास्त वेळ टिकली.

"काहून रे, तुले कधी चावलं?" त्याच्या आईने, जमनाबाईने, विचारलं.

"मले नाही चावलं, माय!"

"बायकोचं विष कधी कधी नवऱ्यात उतरते," बाबांनी खुलासा केला.

"मंग माह्या पाठीले लावा. माहा नवरा त कवाचाच गेला, माह्यात कोनाचं उतरन?" जमनाबाई म्हणाली.

लोक हसले. सिस्टरांनी हिरासिंगची पाठ खसाखसा पुसली. थाळी पुन्हा दाबली, ती घसरून पडली. पाणी लावलं, पुन्हा चिकटली. "पाठ ओली असली, मधली हवा दाबून बाहेर गेली, की थाळी बसते. पाठ सुकली की पडते. विषाची तिला ओळखही नाही."

"मंग जे बरे झाले ते?" हिरासिंगने विचारलं.

"त्यांना चावलेली कुत्री पिसाळलेली नव्हती. ते थाळीशिवायही जगले असते."

हिरासिंगने बसंतीबाईला हापशीवर नेलं. साबणाने पंधरा मिनिटं जखम धुताना पाणी तिखटाने लाल होऊन वाहत होतं. हापसता हापसता तो रडत होता. "मीनंच भरलं, बाई." सिस्टरांनी सांगितलं की आता पोटात टोचत नाहीत, दंडात टोचतात. जखम खोल आहे, म्हणून जखमेतही सीरम, म्हणजे रोगाला लगेच अडवणारं औषध, टोचावं लागेल.

दवाखान्याकडे जाणारी उपकेंद्राची जीप निघताना त्याला मांडवातून बाहेर येणारी तांड्यातली मानीबाई दिसली. त्याच कुत्र्याने तिला परवा चावा घेतला होता.

"माही थाळी त परवाच पडली. मी बरी झाली," ती म्हणाली.

"काकी, माह्या पाठीले चिकटली ते पाह्यलं ना तू? बस गाडीत." त्याने तिला हाताला धरून चढवलं.

दोघींनी सगळी इंजेक्शनं घेतली आणि दोघी वाचल्या.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची लक्षणं दिसल्यावर माणूस सहसा हाती लागत नाही. म्हणून चावल्याबरोबर साबण-पाणी आणि त्याच दिवशी दवाखाना. पाळलेल्या कुत्र्यालाही दर वर्षी लस टोचून घ्या. हिरासिंगचं बायकोवर प्रेम होतं, तरी तो तिला मरणाकडेच नेत होता. न चावलेल्या माणसाला थाळी लावून पाहिली का, एवढंच त्याने आधी विचारायला हवं होतं.