"अहो" म्हणणारं धरण

दुपारचा वारा सुटला आणि जुन्या लाकडी धरणाने हाक मारली, "अऽऽहोऽऽ!"

काठावरची गर्दी जागच्या जागी थिजली. गेलेल्यांचा आवाज ऐकवतो म्हणणाऱ्या जलबाबांनी फळीला कान लावून डोळे मिटले. "ऐकलंत? मेली तरी नवऱ्याचं नाव घेत नाही बाई! आता ज्याची त्याने ओळखून घ्या."

ओळखायला काय जातंय? तिथल्या एकूण एक विधुराला ती आपलीच वाटली. एखादीने जिवंतपणी नवऱ्याला नावाने हाक मारली असती, तर निदान तो तरी वाचला असता.

धरणाचा चौकीदारही विधुरच. बायको गेल्यापासून तीन वर्षं तो चौकीतल्या खोलीत एकटा राहत होता. दिवसातून एकदा फोनवर पाण्याची पातळी सांगायची, तेवढंच त्याचं बोलणं. म्हणून बाबा जेव्हा म्हणाले, "पाणी हातभर खाली ठेव, तिचं तोंड बुडतं," तेव्हा त्याने मुकाट्याने धरणाचा दरवाजा किलकिला केला. शहराचं पिण्याचं पाणी, कालवे, वीजघर, सगळं याच तळ्यावर. पण बारा दिवस त्याला कशाचीच शुद्ध नव्हती. ती बोलत होती ना!

तेराव्या दिवशी भर गर्दीत धरणाची डागडुजी करणाऱ्या सुतारमावशी आल्या, वरच्या फळीवर हातोडी वाजवली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, लाकूड भिजून फुगतं म्हणून सांधे घट्ट राहतात. तू तर उन्हात वाळवलंस! बोट जाईल एवढ्या फटी पडल्यात. आता तळं भरलं तर खालची वस्ती वाहून जाईल रे!"

"पण मावशी, ती..."

"कुठून बोलते? दाखव."

फळीत दोन भोकं होती, एक लहान, एक मोठं. मावशींनी त्यात करंगळी फिरवली. "ही गिरमिटाने पाडलीत. कडा बघ, अजून कोऱ्या आहेत. मागे दुसरी फळी, मध्ये पोकळी. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की वाजते ना, तसा वारा वाजतोय. पाणी वर असतं तर भोकं बुडाली असती!"

"पाखंडी बाई!" बाबा गरजले.

मावशींनी भोकं बुजवायला दोन चिंध्या चौकीदाराच्या हातात दिल्या. ती दुसऱ्यांदा मरतेय, तीही आपल्या हाताने, असं त्याला वाटलं. तरी त्याने बोळे कोंबले. वारा तसाच होता, धरण गप्प. काढले, "अऽऽहोऽऽ!" कोंबले, गप्प. "आत्मा रागावला!" म्हणत बाबा चपला शोधू लागले.

"लोकहो," चौकीदार गर्दीकडे वळून म्हणाला, "एकटेपणापायी मी डोळ्यांवर कातडं ओढलं आणि तुमचा जीव धोक्यात घातला. गेलेलं माणूस परत बोलत नाही. कुणी त्याचा आवाज ऐकवायला आलं, तर रडायच्या आधी तो कुठून येतो ते बघा."

गर्दी पांगली. मावशी फटींत सुतळी ठोकत बसल्या. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाल्या, "कशी होती रे ती?"

तीन वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो त्यांच्या शेजारी बसला आणि सांगू लागला.