दोन सेन यिन

नववं नाव तिचंच निघालं.

"मा सेन यिन. चारशे मीटर. देशाचा गणवेश घालून परदेशात धावलेल्या," चिटणीस कागदावरून वाचत होते, आणि वयाबरोबर 'मा'ची 'दॉ' झालेल्या सेन यिनचा उजवा हात वर्गात हजेरी द्यावी तसा आपसूक वर जायला निघाला. अर्ध्यावर तिने तो आवरला. ही यादी आलेल्यांची नव्हती. वर्षभरात वारलेल्या जुन्या खेळाडूंची होती. समोर भिक्षू बसले होते, एक बाई सुरईतून वाडग्यात थेंब थेंब पाणी सोडत होत्या, आणि सभागृहात चटयांवर बसलेली दीड-दोनशे म्हातारी माणसं हात जोडून गेलेल्यांना पुण्य वाटून देत होती.

"साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले.

तिनेही म्हटलं. स्वतःच्याच नावाला साधु म्हणायची पाळी किती जणांवर येत असेल, असं वाटून तिला हसू फुटायला आलं. ती थाटोनहून पहाटेच्या गाडीने आली होती. मेळाव्याची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली होती. दारातल्या वहीपाशी गर्दी दिसली म्हणून नाव न लिहिताच आत येऊन कडेला बसली. म्हातारे लोक, म्हातारे चिटणीस. घोटाळा व्हायचाच.

"अरेरे, हीपण गेली," पलीकडच्या चटईवरचे गृहस्थ हळहळले. दोन्ही कानांत यंत्रं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "मी बा न्युन. हातोडाफेक. तुम्ही पाहिलं होतंत का हो हिला पळताना?"

"थोडंफार," ती म्हणाली.

"काय पळायची! वळणावर तर अशी कलायची, वाटायचं आता पडते. आणि तोंड म्हणजे फटाक्याची माळ. मी एकदा नुसतं म्हटलं, पाणी देऊ का, तर म्हणाली, तुमचा हातोडा सांभाळा आधी, गेल्या खेपेला माळ्याच्या पायापाशी पडलाय."

"तसं नाही म्हणाली ती," दॉ सेन यिनच्या तोंडून निसटलं.

"म्हणाली हो! मला आठवतंय ना. म्यिंजानची होती. त्या कोरड्या मुलखातल्या बायका अशाच फटकळ."

म्यिंजानची. दॉ सेन यिनच्या ओठांवरचं हसू तिथंच राहिलं. ती थाटोनची होती. म्यिंजानची ती दुसरी.

वाडग्यातलं पाणी पडतच होतं. म्हणजे कागदावरचं नाव चुकलं नव्हतं. नावाची बाई खरंच गेली होती. परदेशात धावलेली ही ओळ तेवढी चुकली होती. आणि दॉ सेन यिन आज जिला भेटायला आली होती ती हीच.

दोघी विद्यापीठात एकाच वर्षी आल्या, वसतिगृहाच्या एकाच खोलीत उतरल्या. नाव एक, शर्यत एक. हाक मारली की दोघी ओ द्यायच्या. मग म्यिंजानची सात महिन्यांनी मोठी म्हणून ती थोरली झाली आणि थाटोनची धाकटी. काटेरी बुटांची जोडी दोघींत मिळून एकच. थोरलीच्या काकांनी ती कुठल्याशा खलाशाकडून मिळवली होती. दोघींच्या पायांनी ती इतकी सैलावली की तिसऱ्या कुणाच्या पायात ती बसली नसती. सराव झाला की मैदानाच्या कठड्यावर बसून तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या खायच्या. दहा शर्यती झाल्या तर सात थोरली जिंकायची. धाकटी म्हणायची, "तुझ्या केसांना खोबरेल फार, वारा घसरून जातो." थोरली म्हणायची, "तू पण लाव की मग, कोण नको म्हणतंय!"

तिसऱ्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेसाठी संघाची यादी फळ्यावर लागली. चारशे मीटर, महिला: मा सेन यिन. एकच नाव. कोणती सेन यिन, ते लिहिलेलं नव्हतं, आणि प्रशिक्षक मंडालेला गेलेले. दोघी फळ्यासमोर पोट धरून हसल्या.

"सर सोमवारी येतील," थोरली म्हणाली. "विचारू. ज्या सेन यिनचं नाव असेल ती जाईल. दुसरीने बॅग भरून द्यायची."

शिबिरात हजर व्हायचं होतं तेही सोमवारीच.

सोमवारी थोरली झोपेत असतानाच धाकटी उठली. तिने बूट पिशवीत टाकले आणि पहिली बस धरली. शिबिराच्या दारात मेजावर बसलेल्या माणसाने विचारलं, "नाव?" ती म्हणाली, "सेन यिन." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याने नावावर खूण केली, गणवेशाची घडी हातात ठेवली. ती रांगेत उभी असतानाच थोरली फाटकापाशी आली. केस विंचरलेले नव्हते. पहारेकऱ्याने तिला हटकलं, "काय काम आहे?"

थोरलीने रांगेकडे पाहिलं. गणवेशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही नाही. मैत्रिणीला पोचवायला आले होते."

आणि ती परत फिरली.

प्रशिक्षक आले ते कपाळाला हात लावून. "अगं, मी म्यिंजानच्या पोरीचं नाव दिलं होतं. आता काय करता, खूण झाली, गणवेशही तुला देऊन झाला. जा, नीट पळ."

परदेशात धाकटी पहिल्याच फेरीत सहावी आली. सहा जणींत सहावी. परतली तेव्हा थोरलीने खोली बदलली होती, आणि तिची धावपट्टी कायमची सुटली होती. भांडण असं काही झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

पुढे दॉ सेन यिन थाटोनच्या टेलिफोन कचेरीत लागली. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून गावातल्या लोकांना परगावच्या लोकांशी जोडून दिलं. कुणाचा मुलगा झाला, कुणाची म्हातारी गेली, सगळं आधी तिच्या कानावरून जायचं. एकदा म्यिंजानची लाइन लागली तेव्हा काम झाल्यावर तिने तिकडच्या ऑपरेटर बाईला विचारलं, "तुमच्या गावात सेन यिन नावाच्या कुणी आहेत का हो?" बाई म्हणाली, "आमच्याकडे चार आहेत ताई, कुठली देऊ?" तिने लाइन तोडली. निवृत्तीनंतर वर्षांमागून वर्षं गेली. या खेपेला बातमी वाचली आणि तिने ठरवलं, थोरली आली असेल तर तिच्यासमोर जाऊन बसायचं. पुढचं तिथं सुचेल.

"दिवंगत खेळाडूंच्या घरच्यांनी पुढे यावं," चिटणीस म्हणाले.

नवव्या नावाला पंचेचाळिशीची एक बाई उठली. तनाखाचा पिवळसर लेप लावलेले गाल, हातात तसबीर. तिला शाल दिली गेली, नाव आणि परदेशातली शर्यत कोरलेली पितळी पाटी दिली गेली. बाई वळली तशी दॉ सेन यिनला तसबीर दिसली. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. ओळखू येईल असं फक्त कपाळ राहिलं होतं.

जेवणाच्या वेळी मागच्या पडवीत मोहिंगाची पातेली लागली होती. माशाच्या रश्श्याचा वास सुटला होता. ती बाई कोपऱ्यात एकटीच उभी होती. ओळखीचं कुणी नाही, शाल काखेत, तसबीर छातीशी. दॉ सेन यिन तिच्यापाशी गेली.

"तू म्यिंजानची ना?"

"हो मावशी. मी खाइन. तुम्ही आईला ओळखत होता?"

"एका खोलीत राहायचो आम्ही. कधी गेली?"

"चार महिने झाले. दुकानातच बसल्या बसल्या. आमचं सुताचं दुकान आहे ना. गिऱ्हाइकाला वाटलं, डुलकी लागलीय." खाइनने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "मावशी, एक विचारू? आई खरंच परदेशी गेली होती का हो? आम्हाला तर कधी बोलली नाही. इथून फोन आला तेव्हा माझा भाऊ म्हणाला, या लोकांचं काहीतरी चुकतंय. आईला बाजारापर्यंत बसने नेलं तरी मळमळायचं. ती विमानात कसली बसते!"

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. पोर खुशीत घरी गेली असती, भावाच्या तोंडावर पाटी ठेवली असती. दॉ सेन यिनच्या जिभेवर 'हो' आलंही होतं.

"नव्हती गेली," ती म्हणाली. "जायची होती ती. तिच्या जागी मी गेले."

मग तिने सगळं सांगितलं. फळा, सोमवार, फाटक. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. शेवटी म्हणाली, "बूटसुद्धा मीच नेले. दोघींचे होते ते."

खाइनने तसबीर वळवून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आईने तुमचं नाव कधीच काढलं नाही," ती म्हणाली. रागाने नाही. आठवून बघितलं आणि सापडलं नाही, अशा सुरात.

"मी तिची जागा घेतली, एवढंही नाही?"

"ती पळायची हेच आम्हाला फोन आल्यावर कळलं, मावशी. शाळेत माझी शर्यत होती एकदा. सगळ्यांच्या आया कडेला उभ्या होत्या. आई आली नाही. म्हणाली, ऊन फार आहे. मी पहिली आले, तर घरी गेल्यावर नुसतं विचारलं, पाय दुखतायत का? आणि तेल लावून दिलं. कितीतरी वेळ चोळत बसली होती."

दॉ सेन यिनला आजवर वाटत आलं होतं की म्यिंजानमध्ये कुणीतरी आपल्याला शिव्या देत असेल. मुलांना सांगत असेल, अशी एक होती, तिच्यापासून सावध राहा. त्या शिव्यांची तिला सोबत होती. आता कळत होतं, तिकडे तिच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

"मग हे परत करू का?" खाइनने पाटी पुढे धरली. "चुकून दिलंय ना."

"नको. ठेव. चुकलं होतं ते तेव्हा. आता बरोबर लिहिलंय."

"भाऊ विचारेल मला."

"त्याला सांग, यादीत नाव तिचंच होतं. हे खरं आहे. बाकीचंही सांगायचं असेल तर सांग. माझी काही हरकत नाही."

खाइनने मान हलवली. पाटी शालीत गुंडाळली. ती दॉ सेन यिनच्या पाया पडली नाही, माफ केलं असंही काही म्हणाली नाही. तिने एक वाडगा घेतला, शेवया घातल्या, वर गरम रस्सा ओतला, लिंबू पिळलं आणि तो पुढे केला.

"खा मावशी. लांबून आलायत."

दोघींनी उभ्या उभ्याच खाल्लं. म्यिंजानच्या गाडीची वेळ झाली तशी खाइन निघून गेली.

बाहेर पायऱ्यांवर हातोडाफेकवाले बा न्युन आपल्या चपला चाचपडत होते. दॉ सेन यिनने त्या शोधून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"उपकार झाले. तुमचं नाव नाही कळलं, ताई."

"मी थाटोनची."

"थाटोनची... थाटोनची पण एक पळायची बहुतेक. चेहरा नाही आठवत."

"नसेल आठवत," ती म्हणाली. "आणि ऐका. ते माळ्याच्या पायाचं म्यिंजानची नाही बोलली. तिने तुमच्याकडून पाणी घेतलं होतं. थँक्यू म्हणाली होती."

"खरंच?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "घेतलं होतं का पाणी?"

"घेतलं होतं."

रस्त्याला लागली तेव्हा दुपार टळली होती. पदपथाच्या फरशा उचकटलेल्या होत्या, ती बघून बघून पाऊल टाकत होती. स्टेशनकडे जाणारी बस शंभरेक पावलांवर थांब्याला उभी होती. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत पत्रा बडवत होता. त्याने तिला पाहिलं आणि हात हलवून ओरडला, "चला आजी, पळा, पळा! सोडतोय गाडी!"

खिडक्यांतून माणसं बघायला लागली.

दॉ सेन यिनने छत्री उघडली आणि हाताने त्याला खूण केली, जा तू. बस धूर सोडत निघून गेली. ती आपल्या चालीने थांब्यापर्यंत गेली आणि बाकावर, शेजारी आणखी एकीपुरती जागा ठेवून, बसली.