उंबऱ्यावरचा शब्द

“मागे फिर. आत ये. बस. पाणी पी. आणि आता नीट म्हण.”

हा माझ्या सासूबाईंचा आवाज. किती वर्षं झाली, पण अजून दारातून कुणी बाहेर पडलं की माझ्या कानात वाजतो. लग्नाची हळद अंगावर ओली होती आणि माझा नवरा पहिल्यांदा बोटीवर निघाला होता. खांद्यावर पिशवी, एक पाय उंबऱ्याबाहेर, खाली टॅक्सीवाला भोंगा बडवतोय, आणि त्या घाईत तो बोलून गेला, “जातो गं आई.”

आईंनी ओठांत धरलेली सुई काढून गादीत खोचली. त्याला बूट काढायला लावले. पलंगावर बसवला, पाण्याचा पेला हातात दिला. तो मुकाट प्यायला, माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला आणि शहाण्या मुलासारखा म्हणाला, “येतो.”

“हं,” आई म्हणाल्या. “आता जा.”

तेव्हापासून तो कधी चुकला नाही. बोटीच्या इंजिनखोलीत तेलपाणी बघायचं त्याचं काम. सोबतचे त्याला वंगण म्हणायचे. फोन करायचा तेव्हा पाठीमागे ते इंजिन एवढं घरघरायचं की निम्मं बोलणं मला अंदाजाने लावावं लागे. पण शेवटचा शब्द स्वच्छ असायचा. येतो. आई गाद्या शिवतात. टाका कितीही सरळ असो, शेवटी गाठ मारली नाही तर सगळी शिवण सुटते, असं त्या मला शिकवायच्या. त्याचं “येतो” म्हणजे बोलण्याच्या दोऱ्याला मारलेली गाठ होती.

बोट धरली गेल्याची बातमी मला दुकानात कळली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. एका गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते आणि त्याच्या डोक्यावरच्या टीव्हीत खाली पट्टी सरकत होती. तो माणूस शेवटची ओळ दिसत नसताना ठोकून देत होता, आणि मी ती पट्टी पुन्हा पुन्हा वाचत होते. बोटीचं नाव तेच होतं.

मग सुरू झाल्या सरकारच्या जहाज खात्यातल्या फेऱ्या. तिथले साहेब वागायला गोड. बसा म्हणत, पाणी मागवत, आणि मग शेवटची ओळ न दिसणाऱ्या त्या गिऱ्हाइकासारखे ठामपणे बोलत. त्यांच्या तोंडी एकच शब्द, अडकले. बोट अडकली आहे, खलाशी अडकले आहेत. मी म्हटलं, साहेब, पदर अडकतो खिळ्याला. माणसांना धरलंय. ओलीस ठेवलंय. तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ताई, तो शब्द आम्ही वापरत नाही, त्या शब्दाने जबाबदाऱ्या निर्माण होतात.

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्रात कुणीतरी माझ्या माणसाच्या मानेवर बंदूक टेकवून बसलंय, आणि इथे पंख्याखाली बसून हे शब्द निवडतायत. तांदळातले खडे निवडावेत तसे. फरक एवढाच की हे तांदूळ फेकत होते आणि खडे ठेवत होते.

सोबत आलेल्या आईंनी शांतपणे विचारलं, “आणि ज्यांच्या हातात बंदुका आहेत, त्यांना काय म्हणता?”

“संबंधित गट,” साहेब म्हणाले.

“बरं. मी आपली चाचे म्हणत होते. तुम्ही एवढं जपून बोलताय, मला वाटलं खरोखरच कुणाचे तरी काका लागतात.”

कोपऱ्यात त्याच बोटीच्या कप्तानाची बायको बसली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

अजून तरी आई घरी गुणगुणत शिवत असायच्या. त्यांच्या ओव्या कुठे लिहिलेल्या नसत. टाका पडेल तशी ओळ पडे.

सुई पुढं गेली, दोरा तिच्या पाठी
समुद्र उसवला, कोण मारी गाठी

मग एक दिवस मी दुकानात असताना आईंच्या मोबाइलवर त्याचा फोन आला. खात्याने त्या फोनला आपला कान लावून ठेवलाच होता, त्यामुळे मी घरी पोचायच्या आत साहेबांना सगळं कळलेलं. मी धावत जिना चढले. आई गादीपुढे बसल्या होत्या.

बरा आहे म्हणाला. खायला मिळतं म्हणाला. त्रास नाही म्हणाला. त्यांनी मला एकेक वाक्य असं दिलं, जसं कुणी मोजून औषध देतं. मी म्हटलं, कुणीतरी समोर धरलेलं वाचून दाखवल्यासारखं वाटतंय हे. त्या म्हणाल्या, वाचूनच दाखवत होता.

“आणि शेवटी? शेवटी काय म्हणाला?”

आईंनी दोरा दातांनी तोडला. “लाइन गेली.”

त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं थांबलं. आठवड्याभरात एक गिऱ्हाईक गादी परत घेऊन आलं. शिवण कडेने सुटून सगळा कापूस बाहेर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा आई गाठ मारायच्या विसरल्या होत्या. त्या माणसाची त्यांनी माफी मागितली, गादी नव्याने शिवून दिली, आणि मला नजर दिली नाही.

तिकडे खात्यात मात्र उजाडलं होतं. साहेबांनी कागद समोर धरून वाचून दाखवलं. संभाषण शांत होतं. कोणतीही तक्रार नव्हती. अखेरीस खलाशाने नेहमीप्रमाणे निरोप घेतला.

म्हणजे लाइन गेली नव्हती. मी आईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मी विचारलं, निरोप घेतला म्हणजे कोणत्या शब्दांत? साहेब म्हणाले, ताई, निरोप म्हणजे निरोप. मग ऐकवा मला, म्हटलं. बायको आहे मी त्याची. ते सुरक्षेच्या कारणास्तव शक्य नव्हतं. आणि आता आरमाराची बोट पाठवायची, कुणाला मध्ये घालून बोलणी करायची, हे सगळं तूर्त थांबवलं होतं. कारण जिवाला तातडीचा धोका नाही, असं खुद्द खलाशानेच सांगितलं होतं. ज्याच्या मानेवर बंदूक होती त्याच्याच तोंडून यांनी स्वतःला रजा मंजूर करून घेतली होती.

घरी आल्यावर मी आईंसमोर उभी राहिले. आयुष्यात कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो चढला. म्हटलं, तुम्ही काहीतरी गिळून बसलात. त्याच्या जोरावर ते लोक हातावर हात ठेवून बसलेत.

आई बराच वेळ सुईच्या नाकातून दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “काही शब्द तोंडाबाहेर काढले की खरे होतात गं. आत आहेत तोवर आत आहेत.”

मी पुढे होऊन दोरा ओवून दिला.

मंत्र्यांनी पत्रकारांना बोलावलं तेव्हा आम्हालाही बोलावणं आलं. मोठं सभागृह, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर ताजी फुलं. एवढी फुलं कशाला आणली असतील, असं कप्तानाच्या बायकोने मला कानात विचारलं, आणि आम्ही दोघींनीही उत्तर शोधलं नाही. फोन फक्त आमच्या घरी आला होता, म्हणून आईंना पहिल्या रांगेत मध्यभागी बसवलं. साहेबांनी वाकून त्यांना समजावलं की फार बोलायचं नाही. मुलगा सुखरूप आहे आणि आमचा सरकारवर विश्वास आहे, बस्स, एवढंच. आईंनी मान हलवली. साहेबांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

मंत्री उशिरा आले आणि फार छान बोलले. आमचे खलाशी बांधव, म्हणाले. अडकलेले आमचे बांधव. त्यांचा धीर, त्यांच्या कुटुंबांचा संयम. घाईने काही करणं त्यांच्याच हिताचं नाही. मग त्यांनी आईंकडे हात केला, आवाज ओला केला आणि म्हणाले, “या माउलीला तिच्या लेकाने फोनवर शब्द दिला आहे. आई, काळजी करू नकोस. येतो.”

शेजारी आई ताठ झाल्या. मला ते त्यांच्याकडे न बघताही कळलं.

त्या उठल्या. साहेबांनी लगबगीने माइक पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्या यंत्राच्या आवाजावर मात करत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना माइक लागत नाही.

“तो शब्द खाली ठेवा,” त्या मंत्र्यांना म्हणाल्या. “तो माझ्या घरातला आहे. माझ्या पोराने तो उच्चारला नाही.”

मंत्री हसल्यासारखे झाले. साहेब पुढे सरकले. कॅमेरे आईंकडे वळले होते, म्हणून साहेब थांबले.

“समोर धरलेलं सगळं त्याने वाचलं. बरा आहे, खायला मिळतं. ते वाचून संपलं. मग त्याचा स्वतःचा म्हणून एकच शब्द बोलला. तो तुमच्या लोकांनीही ऐकलाय. त्याला तुम्ही निरोप म्हणालात.”

त्या माझ्याकडे वळल्या. आता त्या मंत्र्यांशी बोलत नव्हत्या, सभागृहातल्या दुसऱ्या कुणाशीच नव्हत्या. माझा हात त्यांनी धरला.

“तुला सांगितलं नाही, पोरी. जीभ उचलली नाही. तो म्हणाला, आई, जातो. मी म्हटलं, मागे फिर. नीट म्हण. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी परत म्हटलं, राजा, नीट म्हण. आणि तो पुन्हा म्हणाला, जातो.”