कपाटातली शमाम्याची कुपी

मी एक जुनी काचेची कुपी आहे. जुनी म्हणा, चालेल. पण रिकामी म्हणाल तर खबरदार! माझ्या पोटात अजून थोडा शमामा आहे. लवंग, जायफळ, केशर असलं काय काय घालून केलेलं हे अत्तर. थंडीत लावलं की कसं उबदार वाटतं!

राजेश्वर गावच्या हरिबाअण्णांनी मला बसवकल्याणच्या बाजारात घेतलं. बुचाची काचेची काडी मनगटावर ओढून ते लगेच वास घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "अब्बीच नक्को सूंघो अण्णा, थोडा ठैरो." अण्णा चहा पिऊन, बाजार फिरून तासाभरानं आले. तोवर लवंगेचा तिखटपणा निवला होता आणि खालचा गोडसर वास वर आला होता. अण्णा डोळे मिटून म्हणाले, "आता खरं बोलायलंय बघा हे!" मित्रांनो, अत्तराची पारख अशी करतात. मी काय फुशारले म्हणून सांगू!

पुढं गावात कुणाचंही लग्न असो, पाहुण्यांना अत्तर लावायचा मान अण्णांचाच. हाताच्या पाठीवर काडीचा एकच टिपका. उन्हात हे अत्तर डोक्यात चढतं, म्हणून उन्हाळ्यात तर काडी नुसती टेकवल्यासारखी करायचे. लोक हात नाकाशी नेऊन "वा अण्णा!" म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास कळायचा बंद झाला. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, राजूबाईंनासुद्धा नाही. ज्याला सगळा गाव पारखी म्हणतो, त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्याच वैशाखात त्यांच्या लेकीचा, मंजुश्रीचा साखरपुडा झाला. अण्णांनी काडी टेकवली, हुंगून बघितलं, काहीच नाही. पुन्हा बुडवली. असं करत एकेकाच्या हातावर चार-चार टिपके! भर उन्हात मांडवात कुणी शिंकतंय, कुणी डोकं धरून बसलंय. विहीणबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "अण्णा, अत्तर लावायलाव का आंघोळ घालायलाव?" सगळे हसले. अण्णाही हसले, पण लगेच बूच लावून त्यांनी मला खिशात टाकलं.

तेव्हापासून मी कपाटात, वाकळांच्या मागं. कुणी लग्नाला बोलवायला आलं की अण्णा म्हणायचे, "हात कापायलाय बाबा." साफ खोटं! मला राग यायचा आणि रडूही यायचं. रोज दुपारी घरात कुणी नसलं की ते मला उघडायचे, बराच वेळ नाकाशी धरायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. त्या घरात ते एकटे आणि मीही एकटी.

मागच्या महिन्यात एकदा राजूबाई शेतातून लवकर आल्या. मी अण्णांच्या हातात होते.

"काय करायलाव वो?"

अण्णांनी मला घाईनं पाठीमागं लपवलं.

"कामून बोलायनाव?"

"वास येईना गं राजू. तीन वर्सं झाली."

राजूबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "आन् रोज माझ्या फोडणीला लई झ्याक वास सुटलाय म्हनायलाव, ते?"

"तुला वाईट वाटू न्हाई म्हनून."

"व्हय? आन् तुमाला वाटायलंय ते कुनी बघायचं?"

दोघंही रडले. मग राजूबाईंनी चुलीवर चहा ठेवला आणि वाफ कशी येतेय, आलं किती पडलंय, ते सगळं अण्णांना सांगत बसल्या. त्या गडबडीत माझं बूच लावायचं राहून गेलं. संध्याकाळी धक्का लागून मी कलंडले आणि माझ्यातलं निम्मं अत्तर सांडलं.

आता अण्णा मला उघडत नाहीत. कशाचा वास कसा आहे ते राजूबाईच त्यांना सांगतात, त्यामुळं त्यांना माझी गरज उरलेली नाही. मला एकटं एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखादी वस्तू चोरून हातात घेऊन बसत असेल, तर जवळ जाऊन विचारा. मला विचारता आलं असतं, तर मी तीन वर्षं थांबले नसते.