नाव टाकलं

देवळाली प्रवरेत रखमाजी आबांची पिठाची गिरणी होती आणि रस्ता ओलांडला की समोर माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि वर पाटी, 'गोरक्ष फिटर'. विहिरीवरची ऑइल इंजिनं माझ्याकडं यायची. पण निम्मा दिवस मी आबांच्या गिरणीतच असायचो, कारण त्यांचं इंजिन माझ्या वयाचं होतं आणि त्याचा पट्टा कितीही राळ लावून घट्ट केला तरी उठसूट निसटायचा.

पट्टा निसटला की आरोळी यायची, "गोरक्ष्याऽऽ!"

ही आरोळी आबांच्या मुक्ताची. पीठ छातीत बसून आबांना दमा लागला, तेव्हापासून गिरणी तीच चालवायची. इंजिनाच्या वर आवाज काढून काढून तिचा गळा असा तयार झाला होता, की पार मारुतीच्या पारावरचे म्हातारे मला सांगायचे, "जा बाबा, पट्टा निसटला." मी सात वर्षांचा असताना पारनेरहून इथं मामाकडं आलो, तेव्हापासून मी तिचा गोरक्ष्या आणि ती माझी मुक्ते. भांडताना तेच, हसताना तेच, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पळवतानाही तेच. आमची सोयरीक व्हायला जात, भावकी, काहीही आडवं येत नव्हतं. फक्त ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाकडं स्थळ म्हणून कोण बघतं?

बांगलादेशची लढाई संपली त्या हिवाळ्यात मुक्ताला नेवाशाचं स्थळ आलं. मुलाचं नाव उत्तम, पंचायत समितीत कारकून. टेरिलीनचा शर्ट, खांद्याला ट्रान्झिस्टर, आणि स्वभाव इतका चांगला की नाव ठेवायला जागा नाही. मी शोधून पाहिली होती. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात ठरलं. साखरपुड्याच्या पंगतीत बुंदी मीच वाढली, आणि उत्तमला आग्रह करून वाढली.

हा उत्तम नव्या विचारांचा होता. त्यानं मुक्ताला सांगितलं, "ते अहो-जाहो मला नको. तू मला नावानं हाक मार." आता आमच्याकडं सुपारी फुटली की पोरी होणाऱ्या नवऱ्याचं नाव ओठावर येऊ देत नाहीत. पण मुक्तानं ते दुसऱ्याच दिवशी अंगवळणी पाडलं. "उत्तमराव ऐतवारी येनार हायेत." "उत्तमरावांना गोड चहा लागतो." दळणाला आलेल्या साळूबाईंनी कानावर हात ठेवले.

"अगं, जरा लाज धर. नवऱ्याचं नाव असं घेत्यात व्हय?"

"त्यांनीच सांगितलंय, मावशी," मुक्ता म्हणाली आणि मोकळा डबा आपटून पुढचं दळण ओतायला लागली.

माघ महिन्यात मला हिवतापानं गाठलं. मामाच्या ओसरीवर गोधड्या पांघरून मी कितीतरी दिवस कुडकुडत होतो. बरा होऊन दुकान उघडलं, त्या दिवशी दुपारी गिरणी बंद पडल्याचं मला कळलं. म्हटलं, आता आरोळी येईल. आरोळी आली नाही. त्याऐवजी ठण् ठण् ठण् असा आवाज आला. बघतो तर मुक्ता गिरणीच्या पत्र्यावर पाना आपटत होती.

मी गेलो. "काय गं, गळा बसला का?"

"न्हाई."

"मग हाक मारायला काय झालं?"

"पट्टा बसवून पायजे," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता.

पुढं रोज हेच. पट्टा निसटला की ठण् ठण्. गुरांना बोलावतात तसं. कुणी विचारलं, "इंजिन कुनाकडून नीट करता?" तर म्हणायची, "समोर दुकान हाय ना, तिथून." मी एकदा मुद्दाम साळूबाईंच्या देखत विचारलं, "हा पट्टा इतका झकास कुनी बसवला गं?" तर म्हणाली, "बसवनाऱ्यानं." साळूबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांची निम्मी बाजरी खाली सांडली. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कळेना.

मला राग आला. मी मुळात रागीटच आहे, पण हा राग वेगळा होता. आमच्यात कुणाशी कायमचं बिनसलं की म्हणतात, त्यानं त्याचं नाव टाकलं. म्हणजे ते माणूस आपल्या लेखी संपलं. मी सरळ गिरणीत गेलो.

"मुक्ते, माझं नाव टाकलंस का तू? कारकुनाची बायको होनार म्हनून फिटरचं नाव घ्यायला लाज वाटती?"

जात्याला टाकी मारून ती वरचं पीठ झाडत होती. हात थांबला. "आजारात म्या लई हाका मारल्या," ती म्हणाली. "पट्टा निसटला का सवयीनं हाक जायची. कुनी यायचं न्हाई. तवाच कळलं मला."

"काय कळलं?"

"काही न्हाई. आता हाक न्हाई मारायची."

झालं. मी तापानं फणफणलो होतो आणि हिला पट्ट्याची पडली होती, असा मी त्याचा अर्थ काढला आणि पाय आपटत परत आलो.

पण मला वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. दुकानात बसलं की कान गिरणीकडं लागायचे. दुसऱ्या कुणाची आरोळी ऐकली तरी मी अर्धा उठायचो. एका दुपारी एका इंजिनाचा पंप उघडून बसलो होतो, आणि एकदम लक्षात आलं, मला या पोरीची हाक जन्मभर पाहिजे आहे. नुसती हाक नव्हे, पोरगीसुद्धा. आणि ती वैशाखात नेवाशाला जाणार होती. साखरपुडा झालेल्या पोरीला आता काय सांगणार? आबांनी मला पोरासारखं वागवलेलं, आणि त्या उत्तमनं माझं कधी काही बिघडवलं नव्हतं. मी मूग गिळून पंप जोडला. तो उलटा जोडला गेला.

चैत्रात उत्तम आणि त्याची आई छबूबाई लग्नाची बोलणी पक्की करायला आली. आबांचं घर गिरणीला लागूनच, त्यामुळं पाहुण्यांना गिरणीच्या पडवीतच सतरंजी टाकली होती. त्या दिवशी मी आत इंजिन खोलून बसलो होतो, म्हणून सगळं शांत होतं. दळणाला आलेल्या साळूबाई डब्यावर बसून होत्या. त्यांना घाई कधीच नसायची.

छबूबाई म्हणजे करारी बाई. त्यांच्या मालकांचं नाव सूर्यभान. ते नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतंच, पण त्याच्या जवळपासचं काही घ्यायच्या नाहीत. सूर्यफुलाला त्या पिवळं फूल म्हणत, हे उत्तमनंच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

"लग्न झालं का पयलं जोडीनं गोरक्षनाथाच्या गडावर जायाचं," छबूबाई आबांना म्हणाल्या. "आमचा नवस हाय."

मुक्ता चहा घेऊन आली होती. "जाऊ की," ती म्हणाली. "उत्तमराव बी म्हनत हुते, मांजरसुंब्याच्या डोंगरावर जायचं म्हनून."

"डोंगरावर न्हाई पोरी, गडावर. कुनाच्या गडावर म्हनले मी?"

"नाथाच्या."

"नाथ नऊ हायेत. कंच्या नाथाच्या?"

मुक्ता हातातल्या कपबश्या उगाच नीट लावायला लागली. "त्याच... मांजरसुंब्याच्या."

छबूबाईंनी कप खाली ठेवला. पडवीतून आत बघितलं, तर मी ग्रीसनं माखलेला. "फिटर, तुझं नाव काय रं?"

"गोरक्ष," मी म्हणालो.

"काय म्हनला गं हा?" त्यांनी मुक्ताला विचारलं. "मला नीट ऐकू आलं न्हाई."

"आत्ता सांगितलं की त्यांनी," मुक्ता म्हणाली.

त्यांनी! आबांनी मान वर केली. ज्याचे तिनं लहानपणी केस ओढले, त्याला ही 'त्यांनी' म्हणत होती.

"आबा," छबूबाई म्हणाल्या, "माझा जनम गेला नवऱ्याचं नाव टाळन्यात. मला ह्यातलं कुनी शिकवायला नको. तुमची लेक माझ्या पोराचं नाव धडाधडा घेती, किराणा दुकानदाराचं घ्यावं तसं. अन् ह्या फिटरच्या नावाचा देव बी हिच्या तोंडात येईना."

"आई, काहीतरीच काय!" उत्तम हसला. मग मुक्ताकडं बघून त्याचं हसू थांबलं. तो हळूच म्हणाला, "मुक्ता, एकदा घे बरं त्यांचं नाव. म्हणजे आईची शंका फिटेल आणि विषय संपेल."

"घे की गं!" आबा कळवळून म्हणाले. "सारं गाव जागं करत हुतीस त्या नावानं. तीन अक्षरं तर हायेत. घे नाव!"

आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. साळूबाई का हसत होत्या, पाना का वाजत होता, आजारात हिला काय कळलं होतं, सगळं एकदम समजलं. गावभरच्या इंजिनांची दुखणी मी नुसत्या आवाजावरून सांगतो, आणि समोरच्या दारातलं मला उमगलं नव्हतं. तिनं ती तीन अक्षरं उच्चारली असती तर लग्न वाचत होतं, आबांची मान वर राहत होती. मी मनात म्हणालो, घेऊ नको मुक्ते. अजिबात घेऊ नको.

मुक्तानं कपबश्या खाली ठेवल्या. हात पुसले. मग डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही खांद्यांवर नीट सारखा केला, नजर खाली घातली आणि कधी नव्हे इतक्या हलक्या आवाजात म्हणाली,

"पट्ट्याला लागते राळ, जात्याला लागते टाकी,
गोरक्षरावांचं नाव घेतलं, आता काय राहिलं बाकी?"

"वाऽऽ!" साळूबाई सवयीनं ओरडल्या आणि मग त्यांनी स्वतःचंच तोंड दाबलं.

आबांनी नाव घे म्हटलं आणि लेकीनं घेतलं, जसं लग्नात बायको घेते तसं. आता ते मागं कोण घेणार? आबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले आणि छबूबाईंपुढं हात जोडून उभे राहिले.

"हात नका जोडू," छबूबाई म्हणाल्या. "वाईट वाटलं, न्हाई कशाला म्हनू? पर वैशाखानंतर कळलं असतं तर काय केलं असतं? पोर खोटं न्हाई बोलली." त्यांनी चहा मात्र संपवला नाही.

उत्तम आत माझ्यापाशी आला. त्याचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, हा मारणार, आणि मी मारून घेतलं असतं. "गोरक्षराव," तो म्हणाला, "माझं नाव मी सगळ्यांना घ्यायला सांगत फिरतो. असं कुणी अजून घेतलं नाही." मग ट्रान्झिस्टर खांद्याला लावून तो आईच्या मागं गेला. त्या माणसाचं मला आजही वाईट वाटतं.

ते दोघं एस.टी.च्या रस्त्याला लागेपर्यंत आबा दारात उभे होते. मग माझ्याकडं वळले.

"अन् तू रं? लेकीनं माझी अब्रू येशीला टांगली. तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"मला उखाणा येत न्हाई, आबा," मी म्हणालो.

"मग सरळ बोल, गाढवा!"

"मला मुक्ता पायजे," मी म्हणालो. "पयल्यापासून पायजे हुती. मला कळलंच लई उशिरा."

आबा काही बोलण्याआधी पदराआडून हुंदका आला की हसू, ते मला ओळखता आलं नाही. दोन्हीही असेल.

"ह्यांना सगळंच उशिरा कळतं, आबा," मुक्ता म्हणाली.